जगातलं एकमेव पोस्टर

भुतांच्या बाबतीत या घरात माझ्याइतका धीट माणूस नाही. आजवर मी तीन भुतांसमोर छाती काढून उभा राहिलोय. पहिलं मांजर निघालं, दुसरा दोरीवर वाळत घातलेला पायजमा निघाला, आणि तिसरं काय होतं ते बघायला मी थांबलोच नाही. पळताना एक चप्पल गेली. दुसरी मी आपणहून टाकून दिली, एकटी बरी दिसत नाही म्हणून.

तेव्हा ही गोष्ट माझी नाही. माझी असती तर पहिल्या वाक्यातच मी घरी पोचलो असतो. ही सांगितली माझ्या फ्रेमवाल्या मित्राने. फोटोंना काच आणि चौकट करून देतो तो. थाप मारायला जी बुद्धी लागते ती त्याला दिलेलीच नाही. लग्नाच्या फोटोतही तो आधी काटकोन बघतो, मग नवरी.

मोबाइल उलटे ठेवा. पैलवान, दंड दाखवणं बंद कर आणि भिंतीला पाठ लावून बस. का म्हणजे? पाठीशी भिंत असलेली बरी. आणि चष्मिस, पाणी प्यायला जायचं असेल तर आत्ता जा. नंतर सोबत मागशील, आणि मी काही येणार नाही.

तर एक माणूस होता. त्याला सगळे चिमटा म्हणत. एक तर जुना कागद तो बोटांनी कधी धरायचा नाही, चपट्या चिमट्याने उचलायचा. आणि चहाच्या टपरीवर त्याच्या खिशातून पैसे काढायलाही चिमटाच लागायचा. दिवसा तो विम्याच्या कचेरीत बसे. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायचा, हात पुसून पुसून कोरडे करायचा आणि मागच्या खोलीत शिरायचा. त्या खोलीत होत्या जाहिराती. सिनेमा मुका होता ना, त्या काळातल्या. भिंतीवर डकवायची पोस्टरं, रस्त्यात वाटायची पत्रकं, थिएटरच्या दाराशी टांगायची रंगीत चित्रं, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दाखवायच्या रंगवलेल्या काचा. सिनेमे स्वतः कधीच गेले. काही जळाले, काही सडले, काहींच्या फिती चांदी काढायला उकळून टाकल्या. मागे राहिल्या त्या जाहिराती. म्हणजे वरात निघून गेली आणि पत्रिका तेवढी उरली. चिमटा पत्रिका गोळा करायचा.

त्याची बायको म्हणायची, "अहो, त्या कागदांना जपता तेवढं मला जपलं असतंत, तर मीही अजून कोरी करकरीत दिसले असते."

तो म्हणायचा, "तू छापील नाहीस ना."

असा संसार.

त्या सगळ्या पसाऱ्यात एक पोस्टर होतं. सिनेमाचं नाव मी घेणार नाही, फ्रेमवाल्याने मला तसं बजावलंय. पोस्टरवर अर्ध्या उघड्या दारात एक तरुण बाई उभी. एका हातात दिवा, दुसरा हात चौकटीवर. मागे गडद काळोख. ती तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या जरा मागे बघते. त्या बाईने आयुष्यात तेवढा एकच सिनेमा केला. तो सिनेमा जगात कुठे उरला नाही, त्याचा फोटो नाही, तुकडा नाही. उरलं ते हे पोस्टर, आणि ते चिमट्याकडे होतं. गोळा करणाऱ्या मंडळींत 'दुर्मीळ' म्हटलं की लोक माना डोलावतात. 'एकमेव' म्हटलं की उठून उभे राहतात. चिमटा कुठेही गेला की लोक उठून उभे राहायचे. कचेरीत साहेब याला बस म्हणत नसे, आणि इथे भलीभली माणसं खुर्ची सोडायची. त्याची चटक लागते, बाळांनो. दारू परवडली.

एका मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन ठरलं. मधल्या दालनात हे पोस्टर लावायचं होतं. पेपरात चित्रासकट बातमी आली. 'जगातील एकमेव प्रत' असं ठळक छापलेलं. कोपऱ्यातला पाण्याचा डागसुद्धा छापून आला होता. चिमटा माप घेऊन फ्रेमवाल्याकडे गेला, लाकूड निवडलं, काच निवडली, घासाघीस केली, आणि शीळ घालत घरी आला.

बाहेरच्या खोलीत एक म्हातारी बसली होती. नव्वदीला टेकलेली. अंगावर शाल, मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि समोर चिमट्याच्या बायकोने दिलेला चहा.

"हे आलेच," बायको म्हणाली.

म्हातारीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तूच का रे कागद सांधणारा? मला वाटलं कोणी म्हातारा असेल."

"होईन हळूहळू," चिमटा म्हणाला. "काय आणलंय, आजी?"

"शेजारणीने पेपरातलं चित्र दाखवलं, तू फाटके कागद सांधतोस तेही सांगितलं. म्हटलं, अगं, ही तर माझी आई." म्हातारीने अभ्रा उलगडला. "ही बघ."

चिमटा वाकला. तेच पोस्टर. तेच दार, तोच दिवा. चार घड्या पडलेलं, घडीवर फाटत चाललेलं... पण तेच.

"मी दोन वर्षांची होते तेव्हा ती गेली," म्हातारी सांगत होती. "तिचा दुसरा फोटो नाही. आवाज कसा होता तेही आठवत नाही. एवढा एक कागद आहे. रोज रात्री उघडते, बघते, मिटते. आता फाटायला लागलाय. मी गेल्यावर काय व्हायचं ते होऊ दे, पण मी आहे तोवर तिचं तोंड मला दिसायला हवं. करशील का नीट?"

"करतो ना," चिमटा म्हणाला. "ठेवून जा."

"जपून हं, बाळा. दुसरी नाहीये."

दुसरी नाहीये! आणि त्याला तर नेमकी हीच दुसरी नको होती.

आता गंमत बघा. त्याने तो कागद खरंच नीट केला. हाताला सवय, दुसरं काय. खाली आधाराला जाळी घालून पाण्यात सोडला, मळ जाऊ दिला, पाठीला पातळ कागद लावून घड्या सांधल्या, टिपकागदांत घालून वर वजन ठेवलं. दोन-चार दिवसांनी वजन उचललं, आणि बघतो तर म्हातारीचा कागद त्याच्या कागदापेक्षा देखणा. घडी करून कायम अंधारात ठेवलेला ना, रंग उडालेच नव्हते. त्याच्या पोस्टरमधला दिवा पिवळट पडला होता. म्हातारीच्या कागदातला जळत होता. त्याच्या पोस्टरमधली बाई कुठेतरी बघत होती. म्हातारीच्या कागदातल्या बाईला कोण दिसत होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

काय म्हणालीस, चष्मिस? चांगलं ठेवायचं आणि आपलं जाळायचं? शाब्बास. तू मोठी चोर होशील, माझा आशीर्वाद आहे. अगं, याचं पोस्टर डागासकट पेपरात छापून आलं होतं ना! बदललं असतं तर लगेच कळलं असतं. आणि परत द्यावं तर म्हातारी, तिची शेजारीण, शेजारणीची जाऊ... महिन्याभरात दोन प्रती झाल्याचं सगळ्यांना कळलं असतं. लोक पुन्हा खुर्चीत बसले असते.

त्याने म्हातारीला फोन लावला.

"आजी, वाईट बातमी आहे. कागद पाण्यात सोडला आणि लगदा झाला हो. फार जीर्ण होता. मी खूप धडपड केली. हाताला काही लागलं नाही."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजी? ऐकताय ना?"

म्हातारी म्हणाली, "ऐकलं."

आणि फोन ठेवला. रडली नाही, भांडली नाही. चिमट्याला वाटलं, सुटलो.

ती रात्र नोव्हेंबरच्या चोवीस तारखेची. सोमवार. साडेअकरा वाजून गेले होते, चंद्र कधीच मावळला होता. बायको आत झोपलेली. चिमट्याने पत्र्याची बादली मागच्या अंगणात नेली, नळाजवळ ठेवली. म्हातारीचा कागद चिमट्याने उचलून आणला. हो, जाळायलासुद्धा चिमट्यानेच! बादलीत उभा केला. काडी ओढली.

कागद जुना, वाळलेला. भपकन पेटला असणार असं तुम्हाला वाटेल. पेटला. पण भप झालं नाही.

आवाजच झाला नाही.

ज्वाळा वर आली. कागद मुडपला, काळा पडला, आधी दार गेलं, मग हात गेला. एक तडतड नाही. फुर्र नाही. चिमट्याला वाटलं, कानांना दडे बसले. त्याने कानात बोट घालून हलवलं. नळाचा थेंब पडताना दिसला. टपक ऐकू आलं नाही. कुंपणापलीकडे शेजारचं कुत्रं उभं होतं, मान ताणून. त्याचा जबडा उघडत होता, मिटत होता, उघडत होता. जीव तोडून भुंकत होतं.

आवाज नाही.

चिमटा खाकरला. गळ्यात खरखर जाणवली. ऐकू काही आलं नाही.

बादलीत शेवटी चेहरा उरला. तेवढाच. चहूबाजूंनी जळून गेला तरी चेहरा पेटेना. तो बघत होता. जरा मागे नाही... याच्याकडे.

मग तोही गेला.

पैलवान, भिंतीला पाठ आहे ना? बरं.

चिमटा घरात आला. दार लावलं. कडी बसलेली हाताला कळली, कानाला नाही. पंखा फिरत होता, घरघर नव्हती. घड्याळाचा लंबक हलत होता. बायको कुशीवर झोपलेली. त्याने तिला हलवलं. ती दचकून उठून बसली, तोंड उघडलं, ओठ भराभर हलायला लागले. काय झालं, काय झालं म्हणत असेल. तो बघत राहिला. अगदी मुक्या सिनेमातली बाई बघावी तशी. मध्ये अक्षरांची पाटी तेवढी येत नव्हती.

आणि तेवढ्यात त्याला दिसलं. बायकोच्या खांद्यावरून, बोळाच्या टोकाला. मागच्या खोलीच्या दाराखाली...

उजेड.

दिवा तर त्याने बंद केला होता.

त्याने बायकोला खुणेने बस म्हटलं. का गेला तो? मीही फ्रेमवाल्याला हेच विचारलं. तो म्हणाला, आत त्याचं पोस्टर होतं. एकमेव. घर पेटलं तरी तो आधी तिथेच गेला असता.

बोळ. भिंतीला हात. पावलं पडतात, वाजत नाहीत. दाराखालचा उजेड स्थिर नव्हता. हलत होता. कोणी दिवा घेऊन आत फिरत असावं, तसा. इकडून तिकडे. तिकडून इकडे. मग थांबला. दाराच्या अगदी पलीकडे.

त्याने दार ढकललं.

खोलीत कोणी नाही.

टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली पोस्टर, जसं ठेवलं होतं तसं. उजेड पुठ्ठ्याच्या कडांतून येत होता. पिवळा. बारीक फटीतून. वर छतापर्यंत.

त्याने पुठ्ठा उचलला.

दार होतं. काळोख होता. दिवा होता, पिवळट पडलेला तो दिवा आता जळत होता. चौकटीवर हाताची पाच बोटं होती.

बाई नव्हती.

नुसता कोरा कागद... माणसाच्या आकाराचा.

चिमट्याने ओरडायला श्वास घेतला. आणि त्या बहिऱ्या घरात पहिला आवाज ऐकू आला. त्याचा नव्हे. मागून. मानेजवळून.

श्वास.

कोणीतरी खूप वर्षं धरून ठेवलेला श्वास... सोडला.

तो वळला नाही. वळता आलं नाही. गळ्याला काहीतरी टेकलं. बोट नव्हे. पातं नव्हे. त्याने आयुष्यभर हाताळलेली वस्तू, लगेच ओळखू आली.

कागदाची कडा.

ती या कानापासून त्या कानापर्यंत फिरली. हळू. घाई नव्हती. रक्त नाही, दुखलंही नाही. फक्त आतलं काहीतरी शोषलं गेलं. टिपकागद शाई ओढतो ना... तसं. थोडं. मग अजून थोडं. मग सगळं.

दिवा विझला.

बायकोने दार उघडलं तेव्हा तो जमिनीवर होता, शुद्धीत, डोळे उघडे. कुत्रं भुंकत होतं, नळ गळत होता, पंखा घरघरत होता. सगळे आवाज जागच्या जागी. "अहो! अहो, बोला ना काहीतरी!" बायको ओरडत होती. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, गळ्याची शीर फुगली.

काही नाही. कुजबुजसुद्धा नाही.

डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून बघितलं. सगळं धडधाकट. एका डॉक्टरांनी तर त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "घरात भांडण वगैरे? मुद्दाम बोलत नसतील." बायको म्हणाली, "डॉक्टर, हा माणूस भावात घासाघीस न करता भाजी आणेल का मुद्दाम?"

पोस्टर? पोस्टर व्यवस्थित होतं. बाई दारात, हातात दिवा, पिवळट. जशीच्या तशी. पण चिमटा त्या खोलीत पुन्हा एकटा गेला नाही. त्याने हे सगळं फ्रेमवाल्याच्या दुकानात बसून लिहून सांगितलं, पाटीवर, पुसून पुसून. शेवटी लिहिलं, 'माझ्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य काय, माहीत आहे? म्हातारीशी खोटं बोललो ते.' ते मात्र त्याने पुसलं नाही, फ्रेमवाल्याने पुसलं.

दोघांनी मिळून ठरवलं. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. पोस्टर म्हातारीला द्यायचं, खरं काय ते सांगायचं आणि माफी मागायची. तिने माफ केलं तर गेलेलं परत मिळेल, असं चिमट्याला वाटत होतं. फ्रेमवाल्याने चौकट बसवली, काच कोरड्या कापडाने पुसली, पाठ चारी बाजूंनी सील केली. चिमट्याने रात्रभर बसून पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. फोन, बादली, काडी, सगळं.

म्हातारी एका लाँड्रीच्या वर एका खोलीत राहायची. खालून इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. फ्रेमवाल्याने चौकट जिन्यावरून वर नेली आणि खिडकीसमोर टेकवून ठेवली. म्हातारी खुर्ची ओढून समोर बसली.

"आईच आहे," ती म्हणाली. "पण ही माझी नाही. हिच्या कोपऱ्यात डाग आहे."

चिमट्याने मान खाली घातली.

"आणि हे काय लागलंय?" तिने शालीचं टोक घेतलं आणि काच पुसायला लागली. बाईच्या ओठांपाशी काचेवर धूसर झालं होतं, नाण्याएवढं. ती पुसत राहिली. ते जाईना. फ्रेमवाला पुढे झाला, त्याने रुमालाने पुसलं, नखाने खरवडलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. काचेवरून हात काढून घेतला त्याने.

वाफ आतल्या बाजूने धरली होती.

सील शाबूत होतं. बाकी काच लख्ख. तेवढाच एक ठिपका... आणि तो आटत होता, पुन्हा धरत होता, पुन्हा आटत होता. मी फ्रेमवाल्याला म्हटलं, अरे, लाँड्रीची दमट हवा असेल. तो म्हणाला, सील मी माझ्या हाताने केलं होतं.

चिमटा गुडघ्यांवर बसला. खिशातून पत्र काढलं, दोन्ही हातांनी म्हातारीपुढे धरलं. तिने ते घेतलं. सरळ धरलं, उलटं धरलं, पाठीमागे काही आहे का बघितलं, आणि परत त्याच्या हातात ठेवलं.

"मला कुठे वाचता येतं रे, बाळा?"

फ्रेमवाल्याने घाईघाईने हात पुढे केला. "द्या आजी, मी वाचून दाखवतो."

"तू मध्ये पडू नकोस," म्हातारी म्हणाली. तिची नजर चिमट्यावरून हलली नाही. "फोनवर तर हा घडाघडा बोलत होता. आज काय झालं? सांगू दे की त्याचं त्याला... तोंडाने."